शैलाची जवळची लेन्स

शैला गेली त्याला आता महिना उलटून गेला. आमची शेवटची भेट सुरू झाली ती हॉस्पिटलच्या काचेतून. ती आत, अतिदक्षता विभागातल्या खाटेवर. मी बाहेरच्या अरुंद पॅसेजमध्ये. आत एका वेळी एकालाच सोडत होते आणि तिचा भाचा मिलिंद तिच्यापाशी बसला होता. काचेशी इतर पेशंटचे नातेवाईकही उभे होते आणि सगळ्यांच्या खाणाखुणा चालल्या होत्या. कुणी हात तोंडाशी नेऊन जेवणाचं विचारत होतं, कुणी नुसताच अंगठा दाखवत होतं. मला मात्र जरा गर्वच वाटत होता. शैलाशी काचेतून बोलायला मला हातवारे करायची गरज नव्हती. ती लहानपणापासून बहिरी. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची, आणि माझे ओठ तर तिला पाठच होते. तेव्हा मी नेहमीसारखी सुरू झाले... बिल्डिंगमधल्या पाण्याच्या वेळा बदलल्यात, तुझ्या कुंड्यांना मीच पाणी घालते, जास्वंदीला कळी आली आहे, असं बरंच काही. ती टक लावून बघत होती. मग तिचे ओठ हलले. काहीतरी म्हणाली. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं ओठ वाचायचं काम तिनंच केलं. मला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. ती काय म्हणते आहे ते मला अजिबात कळलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते सांगेनच, पण त्याआधी शैला कोण होती ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर तिच्या लेन्सची गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही दोघी मुलुंडला एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर वाढलो. समोर लांब गॅलरी, ओळीनं दारं. त्यांचं दार जिन्यापाशी, आमचं टोकाला. तिचे वडील गिरणीत, मूळ मालवणकडचे. सात वर्षांची असताना शैलाला मोठा ताप आला, त्यातून ती उठली पण कान गेले. डाव्या कानात भांडं आपटल्याचा आवाज तेवढा पोहोचायचा. तिच्या आईला आम्ही काकी म्हणत असू. काकींनी ही गोष्ट कुणाला म्हणून सांगितली नाही. कुणी हाक मारली आणि शैलानं बघितलं नाही, की त्या म्हणायच्या, "लक्ष नसता तिचा. पुस्तकात डोक्या घालून बसलेली असता." मुलगी बहिरी आहे हे एकदा बाहेर गेलं की तिचं लग्न व्हायचं नाही, ही धास्ती त्यांच्या मनात घर करून होती. मला ते कळलं, कारण मी मुळातच बडबडी. शैलासमोर तासन्‌तास बोलत बसायचे आणि ती न कंटाळता माझ्या तोंडाकडे बघत राहायची. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं घरातसुद्धा कुणी ऐकत नव्हतं. पुढे तिनं मला नियमच घालून दिले. ओरडायचं नाही, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. खाता खाता बोलायचं नाही. उजेडात उभं राहून बोलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम दोघींनाही होता : कळलं नाही तर उगाच मान हलवायची नाही, परत विचारायचं. काकींनी तिला घराबाहेर नेमकं उलटं शिकवलं होतं. कळो न कळो, हसायचं आणि मान हलवायची. शैलाला त्या मान हलवण्याची अगदी चीड होती.

शाळा संपल्यावर ती ड्रॉइंगचा कोर्स करून साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात ट्रेसर म्हणून लागली. दिवसभर मशिनांचा खडखडाट; शेजारच्या टेबलावरचे लोक डोकं दुखतं म्हणून गोळ्या घ्यायचे आणि ही शांतपणे रेघा मारत बसायची. ऐंशीच्या आसपास तिचे मामा बोटीवरून सुटीवर आले ते तिच्यासाठी एक वापरलेला कॅमेरा घेऊन. त्याला पन्नासची लेन्स होती, म्हणजे साधी, डोळ्याला जसं दिसतं तसंच दाखवणारी. शैलानं त्या कॅमेऱ्यानं आमची सगळी इमारत काढली, आणि इमारतीनं तिच्या नावानं खडे फोडले. कारण तिच्या प्रत्येक फोटोत प्रत्येक माणसाचं तोंड उघडं! हळदीकुंकवाला जमलेल्या बायका काढल्या, तर त्यातल्या निम्म्या काहीतरी सांगताहेत, उरलेल्या मध्येच तोडताहेत. पहिल्या मजल्यावरच्या जोशीबाई तर फोटो परत घेऊन आल्या. "अगं, तोंड मिटल्यावर काढायचास ना! मी काय जांभई देतेय का?" शैला त्यांच्या ओठांकडे बघत शांतपणे म्हणाली, "तोंड मिटलं की तुम्ही कोण ते मला कळत नाही, काकू." तिचा आवाज जरा सपाट होता, त्यात चढउतार नसायचा, त्यामुळे ती चेष्टा करते आहे की खरं बोलते आहे ते लोकांना समजायचं नाही. हे तिनं खरंच सांगितलं होतं. माणसाचा चेहरा तिला बोलताना ओळखीचा व्हायचा. बोट नेमकं त्याच क्षणी दाबलं जायचं, आणि खटक्याचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फोटो निघाला की नाही ते ती बोटाच्या शिरशिरीवरून ओळखायची.

घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी फोटोग्राफी करणाऱ्यांचा एक क्लब भरायचा. शैला तिथं जायला लागली आणि मी तिच्या बरोबर. तिथं बाई माणूस आम्ही दोघीच, आणि मला तर कॅमेरा कुठून धरतात तेही ठाऊक नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून, कुणी पाठ करून बोललं तर ते तिला हळू आवाजात परत सांगायचे. क्लबच्या लोकांना वाटायचं, या दोघींना एकमेकींशी बोलल्याशिवाय राहवत नाही. क्लबमधले सगळ्यांत जुने देसाईसर. माणूस दिलदार, पण त्यांचं मत म्हणजे निकाल. शैलाचे फोटो त्यांनी फळ्याशी टाचून लावले आणि म्हणाले, "नजर आहे तुमची. पण तुम्ही जवळ जाता, म्हणून लोक बोलायला लागतात आणि एक्स्प्रेशन बिघडतं. लांबून काढा. माणसाला पत्ता लागता कामा नये." त्यांच्याकडे दोनशेची लेन्स होती, हातभर लांब, रस्त्यापलीकडचा माणूस समोर आणून उभा करणारी. शैलाला त्या वर्षी दिवाळीच्या बोनसमध्ये एक लेन्स घ्यायची होती. एकच घेता येणार होती, आणि पुढची कधी घेता येईल याचा काही भरवसा नव्हता. क्लबमध्ये एकूण एक जण म्हणत होता, दोनशेची घ्या. देसाईसरांनी तर स्वतःची लेन्सच तिच्या हातात ठेवली. "महिनाभर वापरून बघा. मग मला सांगा."

तो महिना शैला अगदी हवेत होती. पहिल्याच रविवारी मला घेऊन गोराईला गेली. खाडी ओलांडून होडीनं पलीकडे उतरलो, किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगा, आणि बऱ्याच लांब दोन कोळणी जाळ्यापाशी बसलेल्या. शैलानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिंग फिरवली. मग म्हणाली, "कुमे, मला ऐकू येतंय."

मला आधी काही उमगेना. मग ती सांगायला लागली. त्या दोघींतली थोरली बर्फवाल्याला शिव्या घालते आहे. धाकटी म्हणते, तुझा जावईच तसला. इतक्या लांबून माझ्या धडधाकट कानांना वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि ही बहिरी मुलगी मला त्यांचं भांडण शब्दाशब्दानं ऐकवत होती! हसून हसून माझी पुरेवाट झाली. तेवढ्यात शैला म्हणाली, "आता आपल्याबद्दल बोलतायत. थोरली म्हणतेय, त्या पोरी बघ, एक सारखी दुसरीच्या तोंडाकडं काय बघते?" त्यावर तर आम्ही वाळूत बसून हसलो. परतताना होडीत ती म्हणाली, "झकास लेन्स आहे यार. हीच घेते." मला वाटलं, प्रश्न मिटला.

त्याच महिन्यात शैलाला बघायला चेंबूरची मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. काकींनी दोन दिवस आधी मला बोलावून सगळं ठरवून दिलं होतं. मी शैलाच्या शेजारी बसायचं, आणि काही विचारलं की तिच्या आधी मीच उत्तर द्यायचं, मैत्रिणीचं कौतुक केल्यासारखं. शैलाला सूचना एकच, "खाली बघ. काय इचारला तर मान हालय. बाकीचा कुमुद बघतली." आता बघा, मुलगी बघायच्या वेळी मुलीनं खाली मान घालून बसायचं ही आपली रीत. दुसऱ्या कुठल्याही मुलीला त्यात फार तर मान अवघडल्याचा त्रास. शैलाला मात्र मान खाली म्हणजे खोलीतलं सगळं बोलणंच बंद. पोह्यांच्या बशा फिरल्या, मी हसऱ्या चेहऱ्यानं तिच्या वतीनं दोन-तीन उत्तरं दिली, आणि मला जाणवलं की शेजारी शैलाचा श्वास जोरात चालला आहे. मग तिनं मान वर केली आणि सरळ मुलाच्या आईच्या ओठांकडे बघायला सुरुवात केली. त्या बाई शाळेत शिकवत असाव्यात, एकेक शब्द सुटा बोलत होत्या. त्यांच्या प्रश्नांना शैलानं नीट उत्तरं दिली. काकी डोळ्यांनी खुणावत होत्या, खाली बघ, खाली बघ. घात केला तो मामांच्या मिशांनी. त्या मिशांखाली ओठ नावाची वस्तू दिसतच नव्हती. त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत शैला म्हणाली, "मला कळलं नाही. परत सांगाल का?" मामांनी परत विचारलं. ती परत म्हणाली, कळलं नाही. मी घाईघाईनं म्हटलं, "मामा विचारतायत गाव कुठलं," आणि प्रसंग कसाबसा निभावून नेला. मंडळी कळवतो म्हणाली आणि उठली.

खाली रस्त्यापलीकडे एक रसवंती होती. मंडळी बसस्टॉपवर न जाता तिथल्या बाकापाशी थांबली आणि आपापसांत बोलायला लागली. काकी गॅलरीच्या कठड्याशी जाऊन बघत होत्या. मग त्या झटकन आत आल्या आणि ज्या गोष्टीचा त्यांनी पंधरा वर्षं कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता, तीच करायला त्यांनी शैलाला सांगितलं. तिचा हात धरून, तिच्यासमोर तोंड नेऊन म्हणाल्या, "तो लांबचो कॅमेरो घी गो. काय म्हणतत ते बघ!" गोराईची गंमत आम्हीच त्यांना सांगितली होती. शैलानं कॅमेरा घेतला. नऊवारीतल्या काकी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये नव्या साडीतली शैला डोळ्याला ती हातभर लांब लेन्स लावून. काकी तिचा दंड हलवत विचारत होत्या, "काय म्हणता ती? सांग मा." मला खरं सांगायचं तर तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. काय म्हणताहेत ते ऐकायला मीसुद्धा टपलेलीच होते.

शैलानं कॅमेरा खाली घेतला. लेन्सला झाकण लावलं, कॅमेरा माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली. काकी ओरडल्या, "गो, खंय चललंस?" पण पाठमोऱ्या शैलाला हाक मारून काय उपयोग? ती रस्ता ओलांडून नीट त्या तिघांसमोर जाऊन उभी राहिली. आता बहिऱ्या आम्ही होतो. मी झाकण काढून लेन्समधून बघितलं. सगळं आधी धुरकट, मग रिंग फिरवताना एकदम मामांची मिशी समोर आली, मग मुलाच्या आईचा चेहरा. शैलाची फक्त पाठ आणि वेणी दिसत होती. ती बोलत असावी, कारण तिघांच्या नजरा तिच्यावर खिळल्या होत्या. मग बाई बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यांच्या कपाळावरचा घामही दिसला, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच त्यांनी शैलाच्या दंडावर हात ठेवला. मामांनी रसाचा एक ग्लास आणून तिच्या हातात दिला. तिनं उभ्या उभ्या सगळा रस प्यायला, नमस्कार केला आणि परत आली.

"काय झाला?" काकींनी दारातच विचारलं.

"नाही म्हणाले," शैला म्हणाली. "मी त्यांना सांगितलं की मला ऐकू येत नाही, लहानपणी ताप आला होता, मी ओठांवरून ओळखते, आणि हे घरच्यांनी तुम्हाला सांगितलं नाही म्हणून मी सांगायला आले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सासूबाई अंथरुणाला आहेत, त्या हाका मारतात, हाकेला धावणारं माणूस हवं. म्हणून नाही. मला समोर घेऊन, हळू बोलून सांगितलं त्यांनी, आई. तोंडावर सांगितलं." आणि मग, त्याच सपाट आवाजात, "रसात आलं होतं. मस्त होता."

काकी भिंतीला टेकून खाली बसल्या. काही दिवस त्या शैलाशी बोलल्या नाहीत, म्हणजे तोंड तिच्याकडे न करता भिंतीशी बोलायच्या, आणि शैलाच्या घरात यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. स्थळ चांगलं होतं आणि मला ती माणसं आवडली होती. संध्याकाळी गच्चीवर शैलाला विचारलं, तू लेन्समधून काही वाचलंस का. ती म्हणाली, "एकच वाक्य. त्या मुलाला म्हणाल्या, पोरगी सारखी तोंडाकडे का बघते?" गोराईच्या वाळूत याच वाक्यावर आम्ही लोळून हसलो होतो. "मग मला वाटलं," शैला म्हणाली, "हा प्रश्न त्या मलाच विचारतायत, फक्त मी तिथं नाहीये. उत्तर मलाच माहिती आहे. मग इथं कठड्याला टेकून कशाला बघत बसायचं?"

महिना संपल्यावर ती देसाईसरांची लेन्स द्यायला गेली. सर म्हणाले, "पटलं ना आता?" शैला म्हणाली, "पटलं, सर. मी अठ्ठावीसची घेणार." अठ्ठावीसची म्हणजे नेमकी उलट. तिच्यात सगळी खोली मावते, पण माणूस मोठा दिसायला हवा असेल तर त्याच्या पुढ्यात जाऊन बसावं लागतं. सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ती इमारती काढायला असते! माणसांची नाकं बटाट्याएवढी येतील." क्लबातल्या कुणालाच तिचं म्हणणं पटलं नाही, आणि मलाही ते कळलं फोर्टातल्या दुकानात. तिथं तिनं ती आखूड, बुटकी लेन्स कॅमेऱ्याला लावली, मला दाराच्या उजेडात उभं केलं आणि म्हणाली, "बोल काहीतरी." मला बोल म्हणून सांगायची गरज कधीच पडत नाही. मी बोलत राहिले आणि ती पुढे पुढे आली, हात लांब केला तर माझ्या खांद्याला लागेल इतकी. मग तिनं तेवढ्या अंतरासाठी रिंग एकदा लावून ठेवली, कॅमेरा छातीशी धरला, आणि डोळे मात्र माझ्या तोंडावर. या लेन्सला पुनःपुन्हा फोकस करावा लागत नाही, पुढचं-मागचं सगळं स्वच्छ येतं, हे तिनं मला नंतर समजावलं. "लांबच्या लेन्सला डोळा द्यावा लागतो, कुमे. हिला नाही लागत. डोळे बोलणाऱ्याकडे ठेवता येतात." दुकानदारानं शेवटचा प्रयत्न केला, "मॅडम, नाक मोठं येणार हां." ती म्हणाली, "येऊ दे. जवळच्या माणसांची नाकं मोठीच दिसतात."

त्या लेन्सनं काढलेल्या सगळ्या फोटोंत मला सर्वांत प्रिय फोटो काकींचा. पुढच्या वर्षातली गोष्ट. आमच्या मजल्यावर एक नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्या बाई दारात उभ्या राहून शैलाला हाका मारत होत्या आणि शैला आपली पाठमोरी, स्वयंपाकघरात काकींच्या समोर कॅमेरा छातीशी धरून बसलेली. मी तिथंच होते. बाई आत आल्या आणि जरा तोऱ्यातच म्हणाल्या, "तुमची मुलगी फार शिष्ट दिसते हो." काकी तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील लक्ष नसतं तिचं. त्यांचा हात सुपात थांबला. मान वर करून त्या म्हणाल्या, "शिष्ट नाय ओ ती. माझ्या चेडवाक ऐकाक येना नाय." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं... म्हणजे मी ऐकलं, शैलानं बघितलं. बोट त्याच क्षणी दाबलं गेलं. फोटोत सगळं स्वयंपाकघर आहे, मांडणीवरची भांडी, स्टोव्ह, नव्या बाईंच्या पदराचं टोक, आणि मध्यभागी मोठ्या नाकाच्या, तोंड उघडं असलेल्या काकी. क्लबात देसाईसर म्हणाले, एक्स्प्रेशन चुकलं. तो फोटो शैलाच्या घरात चाळीस वर्षं भिंतीवर होता. येणारे-जाणारे बघायचे आणि म्हातारीचा बरा फोटो मिळाला नाही वाटतं म्हणून गप्प बसायचे. त्यात काकी कुठलं वाक्य बोलताहेत ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

शैलानं पुढे लग्न केलं नाही. कारखाना बंद पडल्यावर बारशी, साठीशांती, डोहाळजेवणं असले फोटो काढायला लागली आणि त्यात तिचं चांगलं भागलं. गंमत म्हणजे ज्यांनी पूर्वी फोटो परत आणून दिले होते, त्याच घरांतून लोक नंतर तिच्याकडे यायचे. घरातलं कुणी गेलं की यायचे. स्टुडिओतला मिटल्या तोंडाचा फोटो त्यांच्याकडे असायचा, पण त्यांना शैलाकडचा हवा असायचा. जोशीबाईंच्या मुलानं तर तो जांभईवाला फोटो मोठा करून नेला आणि म्हणाला, "आई अशीच ओरडायची आमच्यावर." शैलानं मला ते सांगितलं तेव्हा ती खूश होती.

तर त्या दिवशी हॉस्पिटलच्या काचेपाशी तिचे ओठ हलले आणि मला कळलं नाही. आजूबाजूचे सगळे हसून माना हलवत होते. माझीही मान हलणार होती, पण नियम आठवला. मी हातानंच विचारलं, काय? ती परत बोलली. मला परत कळलं नाही, आणि मी मान आडवी हलवून तसं सांगितलं. मग तिनं सलाईन लावलेला हात थोडासा उचलला आणि बोटानं मला जवळ बोलावलं. मिलिंद बाहेर आला. सिस्टरनी माझ्या तोंडाला मास्क लावला आणि दोनच मिनिटं हं म्हणून बजावलं. मी तिच्या तोंडाशी कान नेला. ती म्हणाली, "कुमे, उजेडात ये ना गं. मघापासून बडबडतेयस, काही कळलं नाही. तुझ्या पाठीमागे दिवा आहे."

मी वळून बघितलं. पॅसेजमधली ट्यूबलाइट नेमकी मी उभी होते तिच्या मागेच होती. इतका वेळ माझा चेहरा तिला नुसता काळा दिसत असणार. फोटोग्राफर मैत्रिणीसोबत उभा जन्म काढूनही मी उजेडाकडे पाठ करून उभी राहिले होते आणि वर गर्व करत होते! मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी खाटेला वळसा घालून खिडकीच्या बाजूला गेले आणि मास्क खाली ओढला. सिस्टर काहीतरी बोलायला आल्या, मग शैलाच्या डोळ्यांकडे बघून थांबल्या आणि उगाचच सलाईन बघायला लागल्या. बाहेरून पाण्याच्या वेळा, कुंड्या, जास्वंद सगळं बोलून झालं होतं, पण आता त्यातलं काही सुचेना. मी म्हटलं, "लवकर घरी ये."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. म्हणाली, "परत."

इतकं लहान वाक्य मी तिला आयुष्यात कधी दोनदा सांगितलं नव्हतं. तिला पहिल्या वेळीच कळलं होतं, याबद्दल माझी खात्री आहे. मी परत म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग तिनं मान हलवली.

तिला शेवटचं घरी आणलं तेव्हा खोली माणसांनी भरली होती. मी गर्दीतून वाट काढत पलीकडे खिडकीशी गेले, तोंडावरचा पदर बाजूला केला आणि मगच तिच्याशी बोलले. माझ्या हे नंतर लक्षात आलं. मिलिंदनं कॅमेरा मला दिला आहे, त्या बुटक्या लेन्ससकट. मला फोटो काढता येत नाहीत. तो टेबलावर असतो, झाकण काढून ठेवला आहे, आणि काकींचा फोटो आता माझ्या भिंतीवर आला आहे.

काल मुलीचा फोन आला होता. बोलता बोलता मी स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या खोलीत आले. ती म्हणाली, "आई, आवाज बदलला गं तुझा. कुठे गेलीस?"

मी बघितलं, तर खिडकीत उभी होते. म्हटलं, "कुठे नाही. उजेडात आले."